काठपदराचं घर

गाझियाबादला वसुंधरेत राहणाऱ्या हेमलताबाईंचं घर दिवाळीच्या आठ दिवस आधी नवंकोरं झालं, आणि त्याच आठवड्यात त्यांच्या यजमानांना, अण्णासाहेबांना, खोकला लागला. आता दिल्लीच्या आसपास त्या दिवसांत कोणी खोकलं तर मान वर करून बघायचीही कोणाला गरज वाटत नाही. सून म्हणाली प्रदूषण, मुलगा म्हणाला प्रदूषण, खालचा चौकीदारही "पॉल्यूशन है साहब" म्हणून मोकळा झाला. खरं काय ते फक्त नवराबायकोला ठाऊक होतं. अण्णासाहेबांची छाती ठणठणीत होती. ते खोकत होते ते बायकोच्या डोळ्यांसाठी.

एकदा खोकले की पुढे पायरी आहे. दोनदा खोकले की टीपॉयचा कोपरा. तीनदा म्हणजे तो घरभर आपला आपण फिरणारा गोल झाडू वाटेत आलाय, जरा थांब. छत्तीस वर्षं केंद्र सरकारच्या फायली पुढे सरकवलेल्या माणसाला कमीत कमी शब्दांत काम कसं उरकायचं ते शिकवावं लागत नाही.

पण ही वेळ आली कशी, ते सांगायचं तर आधी त्या घराविषयी बोलायला हवं. हेमलताबाई लग्न होऊन दिल्लीला आल्या त्या थेट सरकारी क्वार्टरमध्ये, आणि पुढची तीस वर्षं सरकारी भिंतींतच राहिल्या. सरकारी भिंतीला रंग नसतो, डिस्टेंपर असतो. तो कुठला लावायचा ते सरकार ठरवतं आणि तो कधी उडायचा ते डिस्टेंपर ठरवतो. त्यामुळे अण्णासाहेब निवृत्त झाले आणि वसुंधरेतल्या स्वतःच्या फ्लॅटची किल्ली हातात आली, तेव्हा बाईंनी तीस वर्षांची हौस एकदम फेडून घेतली. हॉलची एक भिंत लालचुटूक. सोफा मोरपंखी. स्वयंपाकघरात काळाकुळकुळीत ग्रॅनाइटचा ओटा, कपाटांना दुरंगी सनमायका आणि मुठीत मावतील अशा पितळी कड्या. हॉल बाकी घरापेक्षा एक पायरी खाली, कारण बिल्डर म्हणाला होता की हल्ली असाच करतात. त्या पायरीच्या कडेला काळी पट्टी. काचेच्या शोकेसमध्ये बाहुल्या, शंख आणि ताजमहाल. हसू नका, तेव्हा हीच फॅशन होती. सोसायटीतल्या बायका मुद्दाम बघायला यायच्या.

फॅशन ही पाहुणीच. फार दिवस राहिली की घरच्यांनाच नकोशी होते. मुलगा प्रतीक आणि सून स्वरूपा, दोघंही नोएडाला कंपनीत नोकरीला. स्वरूपा मूळची पुण्याची, बोलायला फटकळ, मनानं लोण्यासारखी. आईबाबांना सुखात ठेवायचं असं दोघांनी ठरवलं, आणि सुखाची सुरुवात घरापासून करायची म्हणून पूर्वी नावाची एक इंटीरियर डिझायनर घरी आणली. पूर्वीनं हॉलमध्ये उभं राहून डोळे बारीक केले.

"आंटी, सगळं फारच बिझी आहे," ती म्हणाली. "डोळ्यांना आराम हवा."

मग डोळ्यांना आराम देण्याचं काम तीन महिने चाललं. रंगांची नावं ऐकून अण्णासाहेब चक्रावले. एकाचं नाव ओली वाळू, दुसऱ्याचं कोरडी वाळू, तिसऱ्याचं ओटचं दूध. तिन्ही तुकडे शेजारी ठेवून त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "यात फरक कुठला तो दाखवशील का?" पूर्वी गोड हसली. शेवटी भिंती वाळूच्या, फरशी वाळूची, सोफा, पडदे, ओटा, सगळं वाळूचं. पायरीची काळी पट्टी निघाली आणि तिथंही तीच फरशी आली, म्हणजे म्हणे नजर अडखळत नाही. कपाटांच्या कड्या गेल्या. आता दार कुठलं आणि भिंत कुठली हे दाबून बघितल्याशिवाय कळायचं नाही.

घर देखणं झालं होतं, यात खोटं काही नाही. प्रतीक आईला हात धरून खोलीखोलीतून फिरवत होता आणि विचारत होता, "कसं वाटलं?" त्याच्या आवाजात शाळेतलं बक्षीस दाखवतानाचा उत्साह होता. हेमलताबाई म्हणाल्या, "फार छान झालंय रे." आणि पुढच्याच पावलाला पायरीवरून तोल जाऊन त्यांनी त्याचा दंड घट्ट पकडला. त्याला वाटलं, आई गहिवरली.

गोष्ट अशी होती की घराचं काम चालू असतानाच डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाईंना सांगितलं होतं, डोळ्याचा पडदा झिजतोय. पूर्ण अंधार होईल असं नाही, पण चष्म्यानंही सुधारणार नाही. गडद-फिकं वेगळं ओळखता येईल, मात्र रंगात रंग मिसळला की कळणार नाही. म्हणजे काळ्या ओट्यावरचा पांढरा भात दिसेल, पांढऱ्या ओट्यावरचा दिसणार नाही. बाईंना हे ऐकताना आपला जुना काळा ओटा आठवला. तो आदल्याच आठवड्यात फुटून ट्रकमध्ये गेला होता.

"मुलांना सांगू या," अण्णासाहेब म्हणाले.

"अजिबात नाही. माझी शपथ आहे तुम्हाला."

शपथेला कारण होतं. नागपूरच्या त्यांच्या थोरल्या जाऊबाई, अख्खं घर एकटीनं चालवणारी बाई. त्यांची नजर कमी झाली आणि मुलांनी प्रेमानं, अगदी प्रेमानंच, त्यांना खिडकीशी एक खुर्ची दिली. आई, तू बस, आम्ही करतो. पाणी हवं? तू बस. भाजी निवडतेस? नको, तू बस. अकरा वर्षं त्या बाई बसून राहिल्या. शेवटी शेवटी तर हातात काही दिलं तरी त्याचं काय करायचं ते त्यांना आठवत नसे. हेमलताबाईंना डोळ्यांची भीती नव्हती, त्या खुर्चीची होती. शिवाय पोरांनी इतक्या हौसेनं केलेलं घर, त्यात 'मला दिसत नाही' कुठल्या तोंडानं म्हणायचं? असा तोंड दाबून बुक्क्यांचा मार सुरू झाला, आणि त्यातून हा खोकला.

खोकल्यानं बरंचसं निभावलं, पण सगळं नाही. स्वयंपाकघरात मीठ आणि साखर एकसारख्या दुधी बरण्यांत गेली होती. एका रविवारी प्रतीकनं चहाचा घोट घेतला, आईकडे बघितलं आणि काही न बोलता कप संपवला. देव त्याचं भलं करो. एकदा बाई सोफ्यावर बसायला गेल्या आणि सोफ्याच्या वीतभर अलीकडे बसल्या. "मांडी घालून बसावंसं वाटलं," असं सांगून जमिनीवरच अर्धा तास बसून त्यांनी मटार सोलले.

इकडे स्वरूपाला सासऱ्यांच्या खोकल्यानं झोप लागेना. आधी हवा शुद्ध करायचं यंत्र आलं, अर्थात तेही वाळूच्या रंगाचं. मग हळद-दूध, मग काढा, मग आल्याचा रस. कडू काढा गिळताना अण्णासाहेब बायकोकडे असं काही बघत की बाईंना हसू आवरत नसे, आणि मग एकटीच असताना डोळे भरून येत. या माणसानं उभ्या आयुष्यात कौतुकाचा शब्द काढला नव्हता, आणि आता बायको पडू नये म्हणून दिवसातून तीन वेळा काढा पीत होता. देवापुढे दिवा लावताना त्या रोज त्याच्यासाठी हात जोडत.

जानेवारीत स्वरूपानं रजा काढली आणि सासऱ्यांना छातीच्या डॉक्टरकडे नेलं. दोघं दुपारी परत आले.

"काय म्हणाले?" बाईंनी काळजीचं सोंग करत विचारलं.

"म्हणाले, अंकल, आपके फेफड़े तो जवानों जैसे हैं," स्वरूपा म्हणाली. "एक्स-रे क्लीन. आणि आई, गंमत म्हणजे गाडीत नाही, दवाखान्यात नाही, तीन तासांत बाबा एकदाही खोकले नाहीत."

"अच्छा?" म्हणत बाई पाण्याचा तांब्या घेऊन हॉलकडे निघाल्या. अण्णासाहेब लगेच खोकले. एकदाच. बाईंनी पाय उचलला आणि जपून खाली टेकवला. त्या दिवशी स्वरूपा संध्याकाळपर्यंत फारशी बोललीच नाही, लॅपटॉप मांडीवर घेऊन हॉलमध्ये बसून राहिली. बाईंना वाटलं, रजा गेल्याचा राग आला असेल बिचारीला.

पुढच्या रविवारी नाश्त्याला पोहे खाताना स्वरूपानं जाहीर केलं, "चलो, बेज, आपला हा वाळूचा रंग, आउट झाला."

"म्हणजे काय?" प्रतीक दचकला. "यार, आपलं पेंट अजून वाळलं नाही नीट!"

"ट्रेंड बदलला, मी काय करू? आता कॉन्ट्रास्ट हवा. प्रत्येक गोष्टीला गडद बॉर्डर द्यायची. आई, तुमच्या जुन्या साड्या आहेत ना ट्रंकेत? विरलेल्या, काठ शाबूत असलेल्या?"

बाईंचा जीव साड्यांत, पण नेसवत नव्हत्या आणि टाकवतही नव्हत्या. त्यांनी ट्रंक उघडली. मोतिया इरकल, तिचा काठ गर्द लाल. नारायणपेठ, काळ्या काठाची. एक जांभळ्या काठाची, बारशाला माहेरून आलेली. स्वरूपानं बसून एकेक काठ उसवला आणि घराला जणू कोणी नवी साडी नेसवायला घेतली. पडद्यांना काठ. सोफ्याच्या हातांना आणि बैठकीच्या कडेला लाल काठ. काचेचा टीपॉय गेला आणि शिसवी रंगाचा लाकडी आला. दारांच्या चौकटी गडद तपकिरी झाल्या. कपाटांना पितळी कड्या परत आल्या, नेमक्या जुन्याच, कारण त्या टाकून न देता अण्णासाहेबांनी सरकारी सवयीनं पोत्यात भरून माळ्यावर ठेवल्या होत्या. ओट्यावर पोळपाटाखाली काळी पाटी आली. त्या फिरत्या झाडूच्या पाठीवर प्रतीकच्या जुन्या लाल मोज्याचं कापड चिकटवलं गेलं, तेव्हा मात्र प्रतीक म्हणाला की हा ट्रेंड कुठल्याच मासिकात नसणार.

बाई सुखावल्या. सकाळी उठून हात न लावता चौकट दिसू लागली. सोफा कुठं सुरू होतो ते कळू लागलं. अण्णासाहेबांचा खोकला निम्म्यावर आला.

"बघा," त्या नवऱ्याच्या कानाशी म्हणाल्या, "कोणाला सांगावं लागलं नाही की काही नाही. सुंठीवाचून खोकला गेला."

"माझा काढाही बंद करायला सांग आता," अण्णासाहेब म्हणाले.

त्या फॅशनला दुवा देत होत्या. कोण कुठल्या देशात बसून ठरवतं कुणास ठाऊक, पण ज्यानं कोणी काठ आणायचं ठरवलं त्याचं कल्याण होवो. फक्त एकदा, मिठाच्या बरणीशी, त्यांचा हात थबकला. बरणीच्या गळ्याला लाल काठाची चिंधी घट्ट बांधलेली होती. साखरेच्या बरणीला काहीच नव्हतं. फॅशनवाल्यांना माझ्या मिठाचं काय पडलंय, असं त्यांच्या मनात आलं. मग कुकरची शिट्टी झाली आणि ते तिथंच राहिलं.

चैत्र आला. चैत्रगौरीचं हळदीकुंकू हा हेमलताबाईंचा वर्षातला मोठा दिवस. क्वार्टरमध्ये होत्या तेव्हापासूनचा नेम. द्वारकेहून, नोएडाहून, पहाडगंजहून मराठी बायका मेट्रोच्या ब्लू लाइननं वैशालीपर्यंत यायच्या आणि तिथून ई-रिक्षात कोंबून बसून वसुंधरेला. यंदा तर नवं घर बघायला जास्तच येणार होत्या. पण बाई दिवस मोजत होत्या ते धास्तीनं. कारण हळदीकुंकवाच्या दिवशी घरातल्या पुरुषांना बाहेर जावं लागतं. प्रतीक ऑफिसला. अण्णासाहेब दरवर्षी आपले जुने सहकारी मुरलीधरराव यांच्याबरोबर कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सदनात चहाफराळाला जायचे. म्हणजे पन्ह्याचा भरला ट्रे घेऊन, वीस बायकांसमोर, ती पायरी एकटीनं उतरायची होती. सगळ्याला काठ आले होते, पण पायरी तशीच वाळूत वाळू होती.

त्या सकाळी बाई खोलीत गौरीची आरास मांडत होत्या. हॉलमध्ये थोडा वेळ कसलीशी ठोकाठोक झाली, पण स्वरूपानं दार लोटून घेतलं होतं. चार वाजता अण्णासाहेब चपला घालून उभे राहिले आणि पुन्हा चपला काढून बसले.

"मी जात नाही. आतल्या खोलीत बसतो. मला आज जरा खोकला वाटतोय."

"बायका काय म्हणतील?" बाई म्हणाल्या, पण त्यांचा आवाज काही जा म्हणणाऱ्या माणसाचा नव्हता.

स्वरूपा केसांत गजरा माळत बाहेर आली. तिनं सासऱ्यांच्या चपला उचलून त्यांच्या पायाशी ठेवल्या.

"बाबा, तुम्ही खुशाल जा. आता खोकायला नको. पायरीलाही काठ बसवलाय."

बाईंनी पायरीकडे बघितलं. फरशीच्या कडेला, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, चार बोटं रुंद काळी पट्टी होती. लख्ख दिसत होती.

"तुला... कधी कळलं?"

"दवाखान्यातून आलो त्या दिवशी. बाबा खोकले आणि तुम्ही पाय उचललात. मग मी तुम्हाला दिवसभर बघत बसले. एक म्हणजे पायरी, दोन म्हणजे टीपॉय. तीनचा अर्थ लागायला मात्र आठवडा लागला मला." ती हसली, मग हसू गेलं. "आई, सॉरी. डोळ्यांना आराम, डोळ्यांना आराम म्हणत मी तुमचंच घर तुमच्यापासून लपवून ठेवलं."

"आणि तो ट्रेंड?"

"ट्रेंडचं काय, शोधला की सापडतो."

"प्रतीकला सांगितलंस?"

"मी कशाला सांगू? ते तुमचं आहे. सांगायचं तेव्हा तुम्ही सांगा, नसेल सांगायचं तर काठ आहेतच."

अण्णासाहेबांनी चपला घातल्या, दारापर्यंत गेले, परत फिरले आणि सुनेच्या डोक्यावर हात ठेवून गेले. हेही त्यांनी उभ्या आयुष्यात कधी केलेलं नव्हतं.

बायका आल्या. घर गजबजलं. हेमलताबाई ट्रे घेऊन निघाल्या, काळ्या काठाशी आल्या, उतरल्या आणि प्रत्येकीच्या हातात पेला ठेवत गेल्या. कोणाचं लक्षही गेलं नाही, कारण लक्ष जाण्यासारखं काही घडलंच नाही. बाईंना मात्र त्या एका पायरीवर सगळं मिळालं.

पहाडगंजच्या मराठी शाळेत पंचवीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेली उल्का ही त्यांची जुनी मैत्रीण. तिला गप्प बसणं ठाऊक नव्हतं. "काय गं हेमलता, माझ्या लेकीकडे सगळं फिकं फिकं केलंय, तेच चालतं म्हणे. तुझ्याकडे हे काठपदर कुठून आले? कुठली फॅशन ही?"

स्वरूपा काहीतरी सांगायला पुढे झाली. पण बाईंनीच हातातली कुंकवाची कुयरी खाली ठेवली.

"फॅशन नाही उल्का. माझे डोळे अधू झालेत. मला फिकं दिसत नाही. कोणाला सांगितलं नव्हतं मी, भ्यायले होते. माझ्या सुनेला न सांगता कळलं, आणि मला न सांगता तिनं घराला काठ लावून दिले. सासूसुनेत आभार मानत नाहीत म्हणतात. मी मानते. चारचौघींत मानते."

कोणीतरी नाक ओढलं. उल्का उठली आणि यजमानीणबाईंनी ठेवलेली कुयरी उचलून तिनं आधी स्वरूपाला कुंकू लावलं.

संध्याकाळी प्रतीक आला तेव्हा अण्णासाहेब परतले होते. हॉलभर पेले आणि हरभऱ्याची सालं पडली होती. बाईंनी मुलाला समोर बसवून सगळं सांगितलं, डॉक्टर, पायरी, खारट चहा, खोकला. तो ऐकता ऐकता पांढरा पडला. मग उठला, जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची उचलून आणली आणि आईपुढे ठेवली.

"आई, तू बस. आता तू काही करायचं नाहीस. तू फक्त बस इथं."

हेमलताबाईंनी खुर्चीकडे बघितलं आणि त्यांना नागपूरची ती खिडकी दिसली. त्यांनी अण्णासाहेबांकडे बघितलं. ते या वेळी खोकलेही नाहीत.

स्वरूपानं खुर्ची ओढून घेतली आणि स्वतः तिच्यावर बसकण मारली, पाय पसरून, गजरा काढून मांडीवर टाकत.

"बरं झालं आणलीस. दुपारपासून उभी आहे मी," ती म्हणाली. "आई, जरा चहा टाकता का? आलं घालून. साखर बेताची."

प्रतीक काही बोलणार होता, पण तोपर्यंत त्याची आई निघालीही होती. काळ्या काठाशी पाय उचलून ती पायरी चढली, स्वयंपाकघरात गेली, कडी धरून कपाट उघडलं आणि लाल चिंधी नसलेली बरणी खाली काढली. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली होती. या घरात त्या घरात हजारो कप चहा केला होता त्यांनी, पण एवढ्या आनंदानं कोणाला करून दिल्याचं त्यांना आठवत नव्हतं.